नोत्र दामचे टेकू, मुक्काम कारंजा

संपादकसाहेबांचा फोन आला, "वसंतराव, धंद्यातल्या आठवणी लिहा, पण जरा शुद्ध लिहा." आता शुद्ध लिहायचं म्हणजे मी जे बोलतो त्यातलं निम्मं गाळावं लागणार, मग उरणार काय? तरी मधली वाट काढतो. माझं मी शुद्ध लिहीन, बाकीचे जसे बोलले तसे बोलतील. त्यांना शुद्ध करायला मी कोण?

कारंजा घाडगेत वसंता पेंटर कुठे राहतो विचारलं तर कोणीही घर दाखवतं आणि दाखवताना हसतं. पाट्या रंगवण्यापासून मी सुरुवात केली. मग ट्रकच्या मागची चित्रं, शाळेच्या गॅदरिंगचे पडदे. फ्लेक्स आला आणि पाट्यांचं काम गेलं, तेव्हापासून लग्नाची गेटं, स्टेज आणि देवीच्या मंडपातले देखावे. बांबू, लाकडी बल्ल्या, प्लाय, पोतं, पीओपी आणि डिस्टेंपर एवढं द्या, केदारनाथही उभा करतो आणि लाल किल्लाही. आमच्या धंद्याचा नियम एकच, काम समोरून पाहायचं असतं. मागून काही नसतं. मागे सुतळ्या लोंबतात आणि आमचा सुतार, केशव मिस्त्री, तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत बसलेला असतो.

गिऱ्हाईकं म्हणाल तर एकेक नमुना. एका गृहस्थानं पोराच्या लग्नाच्या गेटवर वारलेल्या वडिलांचं चित्र काढायला लावलं. फोटो एकच होता आणि त्यात बाबाजी कोणावर तरी खवळलेले. म्हणे, "हसते करा जी, लग्न आहे." मी मेहनत करून हसते केले. त्यांची म्हातारी आली, चित्राकडे पाहिलं आणि म्हणाली, "हे कोण होय? आमचे हे कवाच हासले नाई." मग पुन्हा खवळलेले केले. तेव्हा कुठे तिनं डोळ्याला पदर लावला. धंद्यात असं आहे, चांगलं करून उपयोग नाही, त्यांच्या मनातलं करावं लागतं.

आणि दुसरं दुःख असं की आमचं काम टिकत नाही. लग्न लागलं, जेवणं झाली की उतरवा. देवीचं विसर्जन झालं, उतरवा. गवंडी नातवाला बोट धरून नेतो आणि म्हणतो, ही भिंत मी बांधली. मी काय दाखवू, सुतळीचा गुंडा? गुडघे बोलायला लागले, शिडी चढताना जास्तच बोलायला लागले, तेव्हा मी बायकोला म्हटलं की आता एक शेवटचं काम करतो आणि तेही असं, जे उतरवावं लागणार नाही. ती म्हणाली, "तुम्ही फक्त घराची मागची भिंत रंगवा, लई झालं."

मागच्या भिंतीचं एक प्रकरण आहे. ते इथे सांगितलं नाही तर पुढचं समजणार नाही.

माझ्या लग्नाच्या वेळी आमच्या मातीच्या घराची मागची भिंत फुगली होती आणि तिला बाहेरून सागाची एक बल्ली टेकू म्हणून लावलेली होती. आमच्याकडे घराला टेकू म्हणजे गावभर पत्रिका वाटल्यासारखं असतं. घर पडायला आलं, घरधन्याची डागडुजीची ऐपत नाही, हे टेकू न बोलता सांगतो. टेकूच्या घरात पोरगी देऊ नये असं जुनी माणसं म्हणतात. सुमनचं स्थळ तिच्या मावशीनं आणलेलं. ही मावशी आमच्याच गल्लीत राहायची. सुमनचे वडील घर पाहायला येणार त्या सकाळी माझ्या बाबांनी काय करावं? कडब्याच्या पेंड्या आणून टेकूवर रचल्या, चांगल्या पुरुषभर उंच. सासऱ्यांनी तो ढीग पाहिला आणि म्हणाले, "जनावरं बरीच दिसतात." आमच्याकडे एक बकरी होती. लग्न झालं. मग पावसाळ्यात कडबा संपला आणि टेकू उघडा पडला. सुमन त्या दिवसापासून म्हणते, "मले फसवून आणलं या घरात." भाजीत मीठ जास्त झालं तरी तेच आणि नातवाला ताप आला तरी तेच. घर सिमेंटचं होऊनही जमाना झाला. पण तो टेकू काही माझ्या डोक्यावरून हलला नाही.

तर आमच्या शेवटच्या कामाचा धनी म्हणजे प्रमोद. हायवेला लागून त्यांची संत्र्याची बाग आहे, आणि बागेच्या पुढच्या पडीक तुकड्यात त्यानं लॉन काढलं होतं. लग्नाचं नव्हे, लग्नाआधीच्या फोटोंचं. आता लग्न ठरलं की नवरा-नवरी आधी फोटो काढायला जातात, त्याला प्री-वेडिंग म्हणतात. प्रमोदकडे फुलांचा झोका होता, एक रंगवलेली बैलगाडी होती आणि एक पांढरा पियानो होता ज्यात उंदीर राहायचे.

"वसंतभाऊ," तो म्हणाला, "मले पॅरिस पाह्यजे."

"टॉवर?"

"टॉवर नोको. पुढच्या लॉनवाल्यानं टॉवर केला वेल्डिंगचा. लोकं त्याच्याखाली मोबाइल धरून रेंज येते का पाह्यतात. दुसरं काहीतरी करा."

आणि त्यानं मोबाइलवर मला नोत्र दाम दाखवलं.

इथे जरा थांबतो, कारण मी खरंच थांबलो होतो. जन्मभर मी चित्रं पाहून नकला केल्या, पण हे चित्र दोन बोटांनी मोठं करकरून पाहत राहिलो. पॅरिसच्या नदीच्या बेटावरचं ते जुनं चर्च. पुढे दोन चौकोनी बुरूज, खाली तीन खोल दरवाजे आणि दरवाज्यांवर टोकदार कमानी. दोन्ही हात जोडा आणि बोटांची टोकं एकमेकांना टेकवा, ती कमान. गोल कमान वरचं ओझं बाजूला जास्त ढकलते, टोकदार कमान त्यातलं बरंचसं सरळ खाली पायात उतरवते, म्हणून उंच जाता येतं. दरवाज्यांच्या वर दगडी राजांची एक रांग, आणि तिच्यावर मधोमध एक गोल खिडकी, चाकासारखी, रंगीत काचांची. छपराच्या कडेला तोंड वासलेली दगडी भुतं. ती शोभेला वाटतात, पण त्यातल्या बऱ्याच पन्हळी आहेत. पावसाचं पाणी भुताच्या तोंडातून भिंतीपासून लांब पडतं. मला वाटलं, हा बांधणारा आपल्यातलाच असावा, थोडा खोडकर.

मग प्रमोदनं चर्चचा बाजूनं काढलेला फोटो दाखवला आणि मी त्याच्या हातातून मोबाइल ओढून घेतला. भिंतींना टेकू होते. खरे दगडी टेकू. भिंतीपासून लांब खांब उभे केलेले आणि खांबांवरून भिंतीकडे झेपावणाऱ्या अर्ध्या कमानी, एकामागे एक, जणू रांगेनं माणसं हात लावून उभी आहेत. वरचं दगडी छत भिंतींना बाहेर ढकलतं आणि भिंती खिडक्यांनी पोखरलेल्या, म्हणून बाहेरून हात. मधे तिथे मोठी आग लागली होती, टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलं. वरचं लाकडी छप्पर गेलं, मधला उंच तुरा कोसळला, पण भिंती उभ्या राहिल्या. आणि बांधणाऱ्यानं ते टेकू लपवले नव्हते. त्यांच्यावर नक्षी केली होती. सारं जग येतं आणि त्या टेकूंचे फोटो काढतं. मला माझे बाबा आठवले आणि त्यांचा कडबा आठवला.

मी प्रमोदला सांगितलं की करीन, पण टेकूंसकट करीन, आणि पोकळ देखावा करणार नाही. समोरची बाजू, दोन्ही बाजूंच्या लांब भिंती, वर कापडाचं छत, मागेही कापड. तोंड पश्चिमेला, तिथल्यासारखंच. संध्याकाळचा सूर्य गोल खिडकीतून आत उतरला की उभी असेल ती पोरगी इंद्रधनुष्यात न्हाऊन निघेल. प्रमोद म्हणाला, "इंद्रधनुष्य फोटोत येते ना?"

काम सुरू झालं. बल्ल्या गाडल्या, बांबूची चौकट, प्लाय, प्लायवर पोतं, पोत्यावर पीओपी. भुतं केशव मिस्त्रीनं थर्माकोलची कापली, तोंडात पाइपचा तुकडा बसवून. सगळी त्याच्या साडूसारखी दिसत होती, आणि मी विचारल्यावर त्यानं नाही म्हटलं नाही. उंच प्लायची भिंत हायवेच्या वाऱ्यात शिडासारखी होते, म्हणून बाहेरच्या अर्ध्या कमानी मी नुसत्या दिसायला केल्या नव्हत्या. आतून सागाच्या बल्ल्या, खाली पक्क्या गाडलेल्या. आयुष्यात पहिल्यांदा मी असं काम करत होतो जे बाजूनंही पाहता येईल.

पण प्रमोदचे वडील आबाजी रोज संध्याकाळी काठी टेकत यायचे.

"वसंता, कळस कुठी गेला याचा?"

"त्या बुरुजाईले कळस नाई जी. सपाटच आहेत."

"लोकं परत गेले असतीन काम अर्धं टाकून." मग काठी टेकूकडे वळायची. "आन् हे काय? भिंत पडून राह्यली काय?"

"नाई जी, तिथं असंच असते."

"तिथं चालत असन. आपल्याकडे टेकू लागल्या घरी कोणी पोट्टी देते काय? आन् तू त्या टेकूपाशी नवरदेव-नवरी उभे करून राह्यला. सोयरे पाह्यतीन तं लग्न मोडतीन."

मी आगीची गोष्ट सांगितली, कमानीचं गणित सांगितलं, हात जोडून बोटं टेकवून दाखवली. आबाजींनी उलटा नमस्कार केला आणि घरी गेले. शेवटी त्यांनी प्रमोदला बजावून सांगितलं की पहिल्या जोडप्याच्या सोयऱ्यांना हे आवडलं तर राहू दे, नाही तर दुसऱ्या दिवशी उतरवायचं आणि तिथे राजवाडा करायचा. म्हणजे माझं शेवटचं कामसुद्धा उतरवण्याच्या रांगेत उभं राहिलं. मला जेवण जाईना. सुमन म्हणाली, "इतका जीव तुम्ही घराच्या भिंतीत टाकला असता तं."

पहिलं जोडपं ठरलं. मुलगा हिंगणघाटचा, वडील गुलाबरावजी जिनिंगमध्ये सुपरवायझर. मुलगी कारंज्याजवळच्याच खेड्यातली, वडील देवरावजी शेतकरी. त्या दिवशी गोल खिडकीचा जिलेटीनचा निळा कागद फाटला म्हणून मी सकाळीच एसटीनं वर्ध्याला गेलो. ही संधी साधून आबाजींनी केशवला सांगितलं, रोडकडचे टेकू काढ, सोयरे तिकडूनच येतात. केशवनं ऐकलं. का ऐकलं विचारलं तर म्हणाला, "म्हतारा माणूस, त्याचं मन कायले मोडाचं?" माझं मन बहुतेक लोखंडाचं होतं.

दुपार उलटल्यावर मी परतलो, तर लॉनवर जत्रा. प्री-वेडिंगला फक्त दोघं जातात ही शहरातली कल्पना. इथे दोन्हीकडचे काका, माम्या, आत्या, डबे आणि पाण्याच्या कॅन घेऊन सतरंज्यांवर बसले होते. फोटोग्राफर म्हणायचा, "जरा जवळ या," आणि मुलीचा मामा खोकायचा. लगेच दोघं पुन्हा हातभर लांब. त्यात गुलाबरावजी एका सतरंजीवर आणि देवरावजी दुसरीवर, पाठमोरे. साखरपुड्यात सगळ्यांना फेटे बांधले आणि गुलाबरावजींना बांधायचा राहिला, तेव्हापासून दोघे इवाई, म्हणजे व्याही, एकमेकांशी बोलत नव्हते.

मी निळा कागद लावला, शिडीवरून उतरलो आणि रोडकडच्या बाजूला गेलो, तर भिंत एकटी उभी. टेकू संत्र्याच्या झाडांखाली आडवे पडलेले. मी केशवच्या नावानं हाक मारणार तेवढ्यात पश्चिमेकडे पाहिलं. आभाळ काळं-तांबडं झालं होतं. एप्रिलमध्ये आमच्याकडे असं वाऱ्याचं वावधान सुटतं, सांगून येत नाही.

आत मुलगी उभी होती. भाड्यानं आणलेल्या लाल गाऊनचं शेपूट कितीतरी लांब, आणि ते पसरून दिसावं म्हणून फोटोग्राफरनं त्याची टोकं विटांखाली दाबून खिळ्यांनी जमिनीत ठोकली होती. वारा तिन्ही दरवाज्यांतून आत घुसला. वर छत, मागे कापड, बाहेर पडायला जागा नाही. पॅरिसला दगडी छत भिंतींना जसं बाहेर ढकलतं, तसं कारंज्याला वाऱ्यानं ढकललं. बागेकडच्या भिंतीचे टेकू होते, ती हलली नाही. रोडकडची भिंत कुरकुरली आणि बाहेर फुगू लागली.

"पोट्टीले बाहेर काढा," मी ओरडलो आणि भिंतीला पाठ लावली. माझे गुडघे त्या क्षणी काय बोलले ते छापता येणार नाही. केशव आला, प्रमोद आला. तेवढ्यानं भागेना. मग देवरावजी धावत आले, पोरगी त्यांची होती. गुलाबरावजी आले, आत त्यांचा पोरगा खिळे उपटत होता. मागून मामे, काके. मी एकेकाला धरून जिथे जिथे टेकू होता तिथे तिथे उभं केलं, पाय लांब रोवायचे, हात सरळ वर, खांद्यांच्याही वर. सगळ्यांत शेवटी आबाजी आले, काठी टाकली आणि माझ्याशेजारी भिंतीला पाठ लावून उभे राहिले.

"वसंता, हे टेकू कोणं काढले बे?"

"तुम्हीच जी."

"मी म्हटलं तरी काढाचे असतात काय?"

पलीकडून गुलाबरावजींचा आवाज आला, "देवरावजी, तुमचा कोपर लागून राह्यला माया बरगडीले."

"लागू द्या जी इवाई. हात काढला तं भिंत डोक्शावर येईन."

मग गुलाबरावजी म्हणाले, "साखरपुड्यात मलेच फेटा काऊन नाई बांधला?"

"कमी पडले जी. मी माया डोक्शावरचा काढून द्याले निघालतो, तं तुम्ही गाडीत जाऊन बसले."

"मंग सांगाचं न."

"आता सांगून राह्यलो न."

मुलगी सुटली. गाऊनचं अर्धं शेपूट आतच राहिलं. माझी धास्ती होती की आता सगळे हात काढतील आणि माझं चर्च झोपेल. कोणी हात काढला नाही. आबाजी म्हणाले, "केशव, पाहून काय राह्यला? आन ते टेकू." मग वाऱ्यात केशवनं एकेक टेकू आणून जुन्याच खड्ड्यात रोवला आणि एकेक माणूस मोकळा केला. शेवटी दोघे इवाई राहिले. त्यांच्या जागेवरचा टेकू बसला तरी ते तसेच उभे होते, एकमेकांच्या पिकाबद्दल बोलत.

वारा गेला. पावसाची एक सर पडली, एका भुताच्या तोंडातून पाण्याची धारही आली आणि केशवला रडू फुटायचंच राहिलं. ढगांखालून सूर्य निघाला आणि गोल खिडकीतून आत उतरला. अर्ध्या शेपटाची ती पोरगी निळ्या-तांबड्या उजेडात उभी राहून हसत सुटली होती, नवरदेवाचा हात धरून, आणि मामा खोकायचं विसरला. मी जन्मभर रंग लावले, पण त्या पोरीच्या तोंडावर होता तसा रंग मला कधी लावता आला नाही.

फोटोग्राफरनं मात्र वाऱ्यातच बाजूनं एक फोटो काढून ठेवला होता. एका रांगेत हात लावून उभी असलेली दोन्ही घरची माणसं, वर उंच भिंत, मागे काळं आभाळ. लग्नात तोच फोटो मोठा करून दाराशी लावला. आता प्रमोदच्या लॉनवर येणारं प्रत्येक जोडपं आधी तोच फोटो मागतं. दोन्हीकडचे सोयरे टेकूंच्या मधल्या जागांत उभे राहतात, भिंतीला हात लावतात आणि जोर लावल्यासारखी तोंडं करतात. आबाजी खुर्ची टाकून बसतात आणि ओरडतात, "पाय मांगं घ्या, टेकू असा नसते." मला म्हणाले, "अजून दोन टेकू लाव." म्हटलं, तिथं जेवढे आहेत तेवढेच. दोन पावसाळे गेले. दर वर्षी पीओपी मारावं लागतं, पण चर्च उभं आहे.

सुमन ते पाहायला येतच नव्हती. यंदा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नातवाला घेऊन आली. पुढून पाहिलं, आतून पाहिलं, मग बाजूला गेली आणि टेकूंपाशी बराच वेळ उभी राहिली. एकाच्या बल्लीवर हात ठेवला. मी मनाची तयारी केली की आता फसवून आणल्याचं निघणार.

"तुमच्या बाबानं उगाच तेवढा कडबा रचला," ती म्हणाली. "मले माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"टेकू. उन्हाळ्यात मावशीकडे यायची तवा रोज दिसे मले. तुम्ही त्याले पाठ लावून चित्रं काढत बसत."

"मंग तुया बाबाले काऊन नाई सांगतलं?"

तिनं नातवाचं नाक पुसलं आणि म्हणाली, "सांगतलं असतं तं त्याईनं लग्न करू देलं असतं काय?"